वडील कशाने वारले, हा रकाना

बाबा, मी तुला पाण्यात बुडवलं. दोन हजार पंधरा साली, डहाणू रोड स्टेशनासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, भर दुपारी, निळ्या पेनाने. तोवर तुला मरून चौदा वर्षं झाली होती. तू वलसाडच्या हॉस्पिटलात खाटेवर गेलास, डावी कूस हाताने दाबून, एवढं मला माहीत होतं. तरी कागदावर मी तुला होडीवरून खाली ढकललं आणि खाली सही ठोकली. तुला ‘तू’च म्हणतोय. आपल्या घरात बापाला ‘तुम्ही’ म्हणायची रीत नव्हती, आणि त्यावरून शाळेत मास्तर मला उभं करून हसायचे, ‘बाबा आला, बाबा गेला! काय रे, बाप आहे की बोका?’ तू ते ऐकून म्हणाला होतास, मास्तरला सांग, आम्ही दर्यालापण तूच म्हणतो. मी सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी माझ्याकडून तेव्हापासून राहून जातात. पण हे भलतीकडेच चाललं. मला विम्याचं सांगायचं होतं.

तुला वाटत होतं मी होडीवर जाईन. मी एक दिवस गेलो नाही. नववीत शाळा सोडली, तीन वर्षं वापीच्या एका कंपनीत पुठ्ठ्याचे खोके चिकटवले, मग बोर्डीला चिकूच्या वाडीत एक हंगाम काढला, मग कासा-चारोटीच्या जीपवर मागे लटकून भाडं गोळा केलं. कुठेच बूड टेकलं नाही. आई म्हणते, याच्या पायाला भिंगरी आहे, बांधून ठेवला तर दोरीसकट फिरेल. शेवटी तुझा दहा नंबरचा पाना कामी आला. आठवतो का? होडीचं इंजिन खोललं होतंस, मी नऊ वर्षांचा, आणि तू तो तेलकट पाना माझ्या हातात देऊन म्हणालास, ‘हा तुझा. हरवलास तर तुला विकून दुसरा आणीन.’ तो अजून आहे. बाईकच्या मागे पत्र्याची पेटी बांधली आहे, तिच्यात सगळ्यात वर तोच असतो. मी कुकर, शेगड्या, मिक्सर दुरुस्त करतो. तलासरीचा बाजार, कासाचा बाजार, आणि मधल्या दिवसांत पाड्यापाड्यावर. बायका लांबूनच ओरडतात, ‘ए शिट्टी, इकडे ये!’ मला नावाने कोणी हाक मारत नाही.

बाजारात माझ्या शेजारी एक धार लावणारा बसायचा. चाकू, कोयते, कात्र्या. हायवेवर टेम्पोने उडवला, पाय तीन ठिकाणी मोडला. दोन महिन्यांनी त्याची बायको बाजारात आली आणि मला विचारलं, भाऊ, धारेचं मशीन घेणार का? मी घेतलं. स्वस्तात मिळालं. घरी आणून ठेवलं आणि जेवायला बसलो तर ताट सोडून त्याच्याकडेच बघत होतो, कारण उद्या माझी पेटी अशीच कोणीतरी स्वस्तात घेणार होता. कंपनीत होतो तेव्हा गळ्यात एक कार्ड असायचं, बोट चिरलं तरी दवाखाना कंपनीचा. स्वतःच्या धंद्यात आजारी पडायला मालकाला विचारावं लागत नाही, एवढंच सुख. सरकारी योजनेला रेशनकार्ड लागतं. आपल्या कार्डावरचं माझं नाव मी वापीला राहायला गेलो तेव्हा कापून घेतलं होतं आणि परत चढवायला मला कधी वेळ झाला नाही. सगळा तालुका पालथा घातला, तहसीलची खिडकी तेवढी राहिली. म्हणून म्हटलं, खाजगी विमा घेऊ. चोवीस वर्षांचा होतो. तुझ्या घरात स्वतःहून असला शहाणपणा करणारा मीच पहिला, याचा गर्वही होता.

एजंट त्या झेरॉक्सच्या दुकानात एका कोपऱ्यात टेबल टाकून बसायचा. अर्धा मराठी, अर्धा गुजराती बोलायचा, आणि समोरच्याला बसवायच्या आधी चहा सांगायचा. ‘धंदा शूं करे छे, भाई?’

‘कुकर रिपेरिंग.’

‘दुकान कुठे?’

‘बाहेर उभं आहे. स्टँडवर.’

त्याने वाकून बाईक बघितली. ‘बाईकला दुकान लिहिलं तर कंपनी हसेल. व्यापारी लिहितो. वजन पडतं.’

मग त्याने तीन रंगीत कागद पुढे टाकले. एकाचा हप्ता कमी, पण हॉस्पिटलातल्या खोलीच्या भाड्याला मर्यादा. दुसऱ्यात मर्यादा नाही, पण आईला घ्यायचं तर तिचं वय आडवं येतं. तिसऱ्यात सगळं होतं, फक्त पहिली काही वर्षं अमुक आजार चालणार नाहीत, तमुक चालणार नाहीत. मी ते कागद उलटसुलट करत बसलो. आई बाजारात मासा घेते तेव्हा कल्ले उचलून बघते, लाल असला तर घेते, काळा पडला असला तर विकणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. कागदाला कल्ले कुठे असतात? शेवटी एजंट म्हणाला, ‘तू एकच बघ. हॉस्पिटलच्या यादीत वापी आहे? आहे. तलासरीहून पाऊण तास. बाकीचं वाचून तुला काय वकील व्हायचंय?’ तर मी वापी बघून विमा निवडला, माझ्या एकट्याचा. लोक एसटी निवडतात तसा, पाटीवरचं गाव बघून.

आणि मग तो रकाना आला.

‘वडील?’

‘वारले.’

‘वय शूं होतं?’

‘एकोणचाळीस.’

त्याचं पेन थांबलं. ‘कशाने?’

बाबा, मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या टेबलाशी बसून तुला शोधायला लागलो. मला आपली चूल दिसली. तू चुलीपुढे पाटावर बसला आहेस, आई तव्यावर मीठ भाजते आहे, त्याची पुरचुंडी बांधून तुझ्या कुशीला लावते आहे, आणि तू दात दाबून म्हणतो आहेस, ‘जाळी ओढून ओढून भरली आहे पाठ, दुसरं काय.’ मला तो पावसाळा दिसला, होडी वर काढलेली, तू तिला तळाशी लाल रंग देतो आहेस. तू उठून माडांच्या मागे गेलास. मी तुझ्या मागे आलो, खेळ म्हणून, तुझ्या शेजारी उभा राहून लघवी करायला. तुझी लाल होती. मी ओरडलो, बाबा, लाल! तू मला एक ठेवून दिलीस, आयुष्यातली एकच. मग स्वतःच खाली बसून मला हात दाखवलेस. ‘रंग लागला आहे ना हाताला, तोच उतरला. आईला सांगितलंस तर होडीवर पाय ठेवू देणार नाही.’ मी मानलं. इतक्या सोप्या खोटेपणाला बळी पडायचं वय होतं ते, आणि तू त्याचा फायदा घेतलास.

कागद कुठे होते? कागद होते. वलसाडहून तुला आणलं तेव्हा एक फाईल आली होती, पिवळी, जाडजूड, प्लास्टिकच्या पिशवीत. दहाव्याला खाडीच्या तोंडाशी गेलो. आपल्याकडे आजारी माणसाचं अंगावरचं, अंथरुणातलं सगळं ओहोटीला सोडतात, म्हणजे दर्या आत ओढून नेतो, भरतीला परत येत नाही. तुझा सदरा, लुंगी, उशी, टोपी, बिड्यांचं बंडल. काकाने गाठोडं बांधलं आणि आईला विचारलं, आणखी काही? आईने ती फाईल आणून वर ठेवली. काका म्हणाला, ‘त्याचं दुखणं त्याच्याबरोबर जाऊ दे.’ मी काठावर उभा राहून बघत होतो. गाठोडं बुडालं, पण प्लास्टिकची पिशवी सुटली आणि बराच वेळ तरंगत राहिली. कोणी पाण्यात उतरलं नाही. गेलेलं परत घ्यायचं नसतं.

मी एजंटला म्हटलं, माहीत नाही, पोटाचं काहीतरी होतं.

त्याने पेन खाली ठेवलं. ‘पोटाचं काहीतरी लिहिलं तर कंपनी तुला आडवा पाडून दहा टेस्ट करेल. नाहीतर फॉर्मच परत. बाप काय करायचा?’

‘होडीवर. तांडेल होता, होडी त्याच्या हुकमाने चालायची.’

‘मग झालंच की!’ तो खुर्चीत मागे रेलला. ‘दर्यात गेले. दर्या कोणाला रिपोर्ट देतो, भाई?’

आणि मी हसलो. हे तुला सांगायलाच हवं. मी हसलो. तो म्हणाला, एवढी ओळ तुझ्या अक्षरात हवी. मी लिहिलं, ‘समुद्रात बुडून.’ ज्याच्या मागे पंधरा वर्षांत खलाशाचा एक बूट हरवला नाही म्हणायचे, त्या तांडेलाला मी एका चहात बुडवून घरी आलो.

पुढची चार वर्षं मी हप्ते वेळेवर भरले. आयुष्यात मी वेळेवर केलेली ही एकच गोष्ट. त्या कार्डाची झेरॉक्स पेटीत, पान्याखाली ठेवली होती. पाड्यावरच्या एका म्हातारीने विचारलं, हे कसलं रे? म्हटलं, आजी, हे दाखवलं की वापीचं मोठं हॉस्पिटल फुकट. ती म्हणाली, ‘मरायला एवढ्या लांब कशाला जातोस? कासाला पण मरता येतं.’

या वर्षी होळीच्या आधी तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर शेगडी खोलून बसलो होतो. सकाळपासून कूस दुखत होती, डावी. मी म्हटलं, बाईकवर बसून बसून भरली आहे पाठ. शब्द तोंडातून गेले आणि मला वाटलं, हे मी कुठेतरी ऐकलं आहे. उठून ताडाच्या झाडामागे गेलो. लाल. हाताला कुठलाच रंग नव्हता, नुसती काजळी होती. मी तिथेच खाली बसलो, आणि तुझी ती थप्पड मला वीस वर्षांनी परत लागली.

ताप भरला, वापीला नेलं, पाच दिवस राहिलो. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने पडद्यावर दाखवलं, दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी, द्राक्षाच्या घोसासारख्या. विचारलं, घरात कोणाला होतं? मी म्हटलं, नाही. वडील? म्हटलं, बुडाले. डॉक्टरलापण तेच सांगितलं, बाबा, कारण फॉर्मवर तेच होतं आणि फाईल कंपनीकडे जाणार होती. एकदा बुडवलेल्या माणसाला प्रत्येक वेळी परत बुडवावं लागतं. डॉक्टर म्हणाला, हे रक्तातून येतं, आई-बापाकडून. ब्लडप्रेशर वाढतं आणि आतून पोखरत राहतं. लवकर कळलं आणि गोळ्या चालू केल्या की पुष्कळ वर्षं निघतात. ‘तुमचं प्रेशर बरीच वर्षं वाढलेलं दिसतंय. भावंडं आहेत? त्यांनापण तपासून घ्या, आणि त्यांच्या मुलांना मोठं झाल्यावर.’

कार्ड तिथे चाललं नाही. आधी भरा, मग कंपनीकडे मागा, असं झालं. ताईने बोर्डीच्या सासरहून येऊन हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. एक प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाली, ‘भटक्या, पाच दिवस एका जागी झोपलास, हे बघायला तरी आले.’

मी कागद पाठवले. महिन्याभराने कंपनीने चौकशीला माणूस पाठवला, तो माझ्याकडे न येता थेट घरी गेला. आई ओट्यावर बोंबील वाळत घालत होती. मी तिला काही सांगून ठेवलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की तुझ्या मरणाचा हिशेब कोणी आईला विचारेल. संध्याकाळी घरी गेलो तर ती खुशीत होती.

‘तुझ्या विम्याचा माणूस आला होता. चांगलं सुनावलं मी त्याला.’

‘काय सुनावलंस?’

‘म्हणे, काकी, तुमचा नवरा समुद्रात बुडाला ना? मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल! बुडणारा माणूस होता का तो? वादळात चार होड्या ओढून आणलेला तांडेल तो! मूत्रपिंडं गेली त्याची, वलसाडला मेला, मी उशाशी होते. बुडाला म्हणे! लिहून घे, म्हटलं, नीट. त्याने लिहून घेतलं. मी सहीपण केली.’

ती सही करताना तिने पदर सावरला असेल, मला दिसतं. तुझी अब्रू राखली तिने. कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं, एजंटने वाचून दाखवलं. माहिती दडवली म्हणून पैसे नाहीत, आणि पॉलिसीही बंद. एजंट म्हणाला, ‘मम्मीला शिकवून ठेवायचं नाय काय, भाई?’ चहा सांगितला नाही.

पण मला राग त्याचा नाही. त्या संध्याकाळी आईचा एकच शब्द माझ्या कानात राहिला. मी विचारलं, मूत्रपिंडं गेली, हे तुला तेव्हापासून माहीत होतं?

ती बोंबलाची टोपली उगाच हलवत राहिली. मग म्हणाली, ‘डॉक्टर बोलला होता, पोरांनापण घेऊन या. फाईलमध्ये लिहिलेलं होतं. तुझ्या बाबाने शपथ घातली मला. म्हणाला, पोरगा होडीवर जायचा आहे, दुखणेकऱ्याला कोण खलाशी घेणार? आणि पोरीला कोण करून घेणार? हे कागद घरात ठेवू नको.’

म्हणजे काकाचा काही दोष नव्हता, आईचा नव्हता, रीतीचाही नव्हता. ती पिशवी तू मरण्याआधीच खाडीत टाकली होतीस. फाईल गेली, दुखणं घरातच राहिलं. मी कधी होडीवर गेलो नाही, बाबा. ज्या होडीसाठी तू माझं दुखणं लपवलंस ती काकाने विकली, तिच्या फळ्यांचं कोणीतरी कोंबड्यांचं खुराडं केलं. चोवीस वर्षांचा असताना त्या रकान्यात मला खरं लिहिता आलं असतं. विमा मिळाला नसता, पण गोळी मिळाली असती. तू मला पाना दिलास, थप्पड दिलीस, आणि ही कूस. यातलं मला विचारून काहीच दिलं नाहीस. लोक म्हणतात गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. ज्यांना गेलेल्यांनी फक्त घर-जमीन दिली त्यांनी खुशाल पाळावं.

आता रोज सकाळी एक गोळी घेतो. रेशनकार्डावर नाव चढवायला तहसीलच्या खिडकीवर तीनदा जाऊन आलो. खिडकीतला माणूस म्हणतो, इतकी वर्षं कुठे होतात? मी म्हणतो, फिरत होतो. बाजार चालू आहे. धारेचं मशीन मी त्या माणसाला परत नेऊन दिलं, लंगडतो पण बसतो शेजारी. बायका अजून ‘ए शिट्टी’ म्हणतात.

मागच्या आठवड्यात बोर्डीला गेलो. ताई वाडीच्या शेडमध्ये चिकू निवडत होती, मोठे एकीकडे, बारके एकीकडे, आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. तिची दोन पोरं चिकूच्या ढिगाऱ्यावर लोळत होती. सासू समोरच खाटेवर. मी वापीची फाईल घेऊन गेलो होतो. डॉक्टरने लिहिलेलं पान वर येईल असं लावलं होतं, रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ताईने हात पुसून विचारलं, ‘हे काय आणलंस?’ मी सासूकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. म्हटलं, ‘काही नाही गं, लाइटबिलं आहेत. माझ्या पेटीत तेल लागतं. तुझ्याकडे ठेव, फक्त पाण्यात टाकू नको.’ ती म्हणाली, ‘लाइटबिलं कोण पाण्यात टाकतं, येड्या?’ आणि पिशवी आतल्या खुंटीला अडकवली.

हे लिहिलेलं तुला पोचवायचं तर एकच वाट आहे, ओहोटीच्या वेळची. त्या वाटेने आपल्या घरातले कागद आता पुरे झाले. पुढच्या खेपेला बोर्डीला जाईन तेव्हा हे पण त्याच पिशवीत सारीन. ताई दहावी शिकलेली आहे, तिला सगळं वाचता येतं. खरं सांगू का बाबा, तिने ती पिशवी माझ्या माघारी कधीतरी आपणच उघडावी, म्हणजे मला तोंडाने सांगावं लागणार नाही, म्हणूनच मी ती तिथे ठेवली आहे.